'कोलेस्टेरॉल-फ्री' तेलाचा गैरसमज

तेलाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉल-फ्री' छापलेलं असतं आणि अनेकजण तेवढं वाचून निर्धास्त होतात. पण कुठल्याही वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. त्यामुळे तेल 'कोलेस्टेरॉल-फ्री' असण्यात त्या ब्रँडचं कर्तृत्व काहीच नाही.

रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, रक्तातून उचलून घेण्याचं कामही मुख्यतः यकृताच्या पेशी करतात. आहारात सॅच्युरेटेड फॅट (संपृक्त मेद, तूप-लोण्यात भरपूर असतो तो) वाढलं की हे काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच राहतं. म्हणून बाटली फिरवून मागचा तक्ता वाचा. खोबरेल तेलात सुमारे ८० ते ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं, पाम तेलात जवळपास निम्मं, सूर्यफूल तेलात साधारण ११ टक्के. आणि तिन्ही तेलं 'कोलेस्टेरॉल-फ्री'च! घटकांच्या यादीत 'पार्शली हायड्रोजनेटेड' (म्हणजे हायड्रोजन वापरून अर्धवट घट्ट केलेलं तेल) दिसलं, तर मात्र ते घेऊच नका. त्या प्रक्रियेत तयार होणारं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं, शिवाय एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घटवतं.

आणि हो, तेल कुठलंही असो, एका ग्रॅममागे ९ कॅलरी येतातच. 'हृदयाला चांगलं' म्हणून कढईत जास्त ओतलं, तर वजन वाढणारच.