गट नंबर चुकवणारे पाच सेकंद

जुलैचा शेवटचा आठवडा. भाच्याच्या ऑनलाइन सेंटरवर पीक विम्याची रांग बाहेरच्या पानटपरीपर्यंत गेलेली. सातबारा, आठ-अ, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माणसं उभी. मी अंबाजोगाईहून नुसता भेटायला गेलो होतो, पण त्याने मला कागद वाचून दाखवायला बसवलं. मी म्हणालो, "गट नंबर दोनशे चौदा." त्याने २ दाबला, तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन सरकत आला, टुंग वाजलं, आणि फॉर्मवर पडलं २४१.

समोरचे काका म्हणाले, "काय वाजायलंय रे ते सारखं?"

कुठल्याशा भरतीची जाहिरात होती. चूक फॉर्म पाठवायच्या आधी सापडली म्हणून बरं. भाचा मात्र हटून बसला, "मामा, मी तिकडं बघितलंसुद्धा नाही!"

तो खोटं बोलत नव्हता. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली नेमकं हेच दाखवलं. सतत लक्ष मागणारं काम चालू असताना फोन नुसता वाजला किंवा थरथरला, त्याला हातही लावला नाही, तरी कामातल्या चुका वाढल्या. मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक प्रयोग तर आणखी बोलका आहे. ठरलेल्या क्रमाने पायऱ्या करत जायचं काम, आणि मध्येच काही अक्षरं टाईप करायला लावणारा व्यत्यय. सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययाने क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या, ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाने तिप्पट. विंडोजचा तो चौकोन, म्हणजे बॅनर, आपण सेटिंग बदललं नाही तर ५ सेकंद राहतो. बॅनर काही टाईप करायला लावत नाही, तेव्हा ही तुलना सरळ लावता येणार नाही. पण मोठ्या व्यत्ययानेच घोटाळा होतो असं नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

चौकोन सरकत येतो, तो उगाच नाही. आपल्याला बारकाईने दिसतो तो नजरेच्या मधला जेमतेम दोन अंशांचा भाग. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. कडेचं सगळं पुसट, पण कडेला काही हललं की ते चटकन जाणवतं. बांधावरच्या गवतात सळसळ झाली की मान आधी वळते, साप की सरडा हा विचार नंतर. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हने या क्रियेला 'हे काय?' असंच नाव दिलं होतं. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज चार दिवसांत ऐकू येईनासा होतो, कारण तो एकसारखा असतो. नोटिफिकेशन कधी येईल, कशाचं येईल, याचा नेम नसतो, म्हणून त्याची सवयही धड लागत नाही.

आता गंमत बघा. मी अनेक वर्षं पॉलिटेक्निकला संगणक शिकवला आणि 'इंटरप्ट'चा धडा दरवर्षी घेतला, पण हा धडा माणसालाही लागू आहे हे त्या दिवशी त्या स्टुलावर बसून लक्षात आलं. कीबोर्डचं बटण दाबलं, नेटवर्कवरून माहिती आली, की प्रोसेसरला, म्हणजे संगणकाच्या मेंदूला, इंटरप्ट मिळतो, 'थांब, इकडे बघ' असा इशारा. तो हातातलं काम थांबवतो, पण आधी आपण कुठल्या सूचनेवर होतो, काय आकडे हातात होते, ते नोंदवून ठेवतो. आलेलं काम उरकतो आणि नेमका तिथूनच पुढे सुरू होतो. भाच्याच्या डोक्यात अशी नोंदवही नाही. '१४' हा आकडा हवेत होता, तो हवेतच उलटा झाला.

एवढं असूनही संगणकाला व्यत्यय सोसत नाही, हे विशेष. नेटवर्कवरून माहितीचा लोंढा आला की जुन्या पद्धतीच्या यंत्रणा नुसते इंटरप्ट झेलत बसत. यंत्र पूर्ण दमात चालू, आणि खरं काम शून्य. याला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने त्यावर सरळ उपाय काढला. गर्दी वाढली की नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट बंद करायचे आणि साचलेली माहिती आपणच थोड्या थोड्या वेळाने जाऊन एकगठ्ठा उचलायची.

माणसांवरही हे करून बघितलंय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २३७ जणांवरच्या प्रयोगात काहींना फोनची नोटिफिकेशन दिवसातून तीनदाच, गठ्ठ्याने दिली. त्यांचं लक्ष सुधारलं, ताण कमी झाला. ज्यांची साफ बंद केली त्यांना मात्र हा फायदा फारसा मिळाला नाही, उलट काही राहून तर जात नाही ना, ही धाकधूक वाढली. सगळंच बंद करून टाका म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

भाच्याच्या मशीनवर आम्ही आधी क्रोम उघडलं. खरी घाण तिथेच होती. निकाल बघताना, भरतीचा फॉर्म भरताना 'अलाव' दाबत गेलं की ती वेबसाइट बंद केल्यावरही सूचना पाठवत राहते. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशी खोटी भीतीही बऱ्याचदा याच वाटेने येते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या वेबसाइटची ही लांबलचक यादी निघाली. एकेक ब्लॉक केली. मग विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, नोटिफिकेशन्स. तिथे प्रत्येक ॲपचं वेगळं बटण असतं. 'डू नॉट डिस्टर्ब'ला वेळ लावून देता येते, ती आम्ही सकाळी दहा ते दुपारी दोन लावली. त्या वेळात आलेलं वाया जात नाही, साठून राहतं. जेवणाआधी विंडोजच्या बटणासोबत एन दाबायचं, सगळं एकदम वाचायचं.

प्रोसेसरमध्ये काही इंटरप्ट मात्र दाबून ठेवता येत नाहीत. मेमरीत गंभीर बिघाड झाला, तर बाकी काहीही चालू असो, दखल घ्यावीच लागते.

साडेबारा वाजले असतील. बराच वेळ शांतता होती. मी हेक्टर-आर वाचत होतो, तो भरत होता. अचानक टेबलाखालून पीं पीं सुरू झालं आणि वरचा पंखा मंदावत गेला. तेच काका पुन्हा, "हे बी बंद करून टाक की बाबा."

"हे नाही होत, काका. लाईट गेली," असं म्हणत भाच्याने आधी सेव्ह दाबलं.