बाटली परत आणण्याआधी एवढं वाचा

उन्हाळा लागला की काउंटरवर एकच तक्रार: "परवा नेलेला लिंबाचा रस तपकिरी पडला, कडू लागतोय, बदलून द्या." चौकशी केली की बाटली ओट्यावर राहिलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात गॅसशेजारचा ओटा.

आमच्या बाटलीत कागदी लिंबाचा रस सोडून काही नसतं. साखर नाही, प्रिझर्वेटिव्ह नाही, रस तापवतही नाही. महिनोन् महिने टिकणाऱ्या बाटल्यांचं लेबल एकदा वाचून बघा. त्यात गैर काही नाही, पण तो माल वेगळा. हवा आणि उष्णता लागली की क जीवनसत्त्व मोडतं आणि रस तपकिरी होत जातो. म्हणजे रंग बदलला तेव्हा ज्यासाठी पैसे मोजले तेच कमी झालेलं असतं. कडवटपणा लिमोनिन या लिंबातल्याच कडू द्रव्याचा; रस काढल्यावर तो हळूहळू वाढत जातो, उबेत लवकर.

तेव्हा घरी पोचल्याबरोबर चार दिवसांपुरता रस फ्रीजमध्ये ठेवा, बाकीचा बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. एका खणात साधारण 15 मिली मावतो, म्हणजे जवळपास एका लहान लिंबाचा रस. गोठल्यावर वड्या काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर फ्रीजरचा वास धरतात. अशा दोन महिने छान राहतात. लागेल तेवढी वडी वाटीत विरघळू द्या आणि वरण ताटात वाढल्यावर वरून घाला. उकळत्या पातेल्यात टाकली तर आंबटपणा राहतो, क जीवनसत्त्व मात्र बरंच जातं.

तांब्या-पितळेच्या भांड्यात रस ठेवू नका, सकाळी तांब्यातल्या पाण्यात लिंबूही पिळू नका. आम्लात तांबं उतरतं, मळमळतं. काचेचा पेला घ्या.

आता नेहमीचा प्रश्न: लिंबात नक्की असतं काय? 100 मिली रसात क जीवनसत्त्व साधारण 30 ते 40 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला 65 ते 80 लागतं, म्हणजे एका लिंबानं जेमतेम दहावा हिस्सा भरतो. पेरू आणि आवळा याबाबतीत कितीतरी पुढे. लिंबू विकत असलो तरी हे सांगतो. लिंबाचं खरं काम ताटात आहे. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी यांतलं लोह अंगी लागायला अवघड असतं. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व गेलं की ते जास्त शोषलं जातं. रक्त कमी असलेल्या बायकांनी आणि वाढत्या मुलांनी म्हणून जेवताना लिंबू घ्यावं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो नेमकं उलट करतो.

लिंबातल्या सायट्रिक आम्लापासून शरीरात सायट्रेट मिळतं, ते काही प्रकारचे मूतखडे होण्याला आळा घालतं. पण पाणी भरपूर प्यायलात तरच. झालेला खडा लिंबानं विरघळेल या भरवशावर डॉक्टरांना टाळू नका. कोमट लिंबूपाण्यानं चरबी वितळत नाही. साखरेच्या चहाऐवजी ते घेतलंत तर साखर वाचते, फायदा तेवढाच.

पित्ताचा त्रास किंवा तोंड आलेलं असेल तर बेतानं. आंबट प्यायल्यावर चूळ भरा, दात अर्ध्या तासानं घासा. पिळलेली साल चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नका. सालीतल्या तेलानं कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

सरबताला एक पेला गार पाणी, एक वडी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ. रक्तदाब असेल तर मीठ वगळा, मधुमेह असेल तर साखर. जुलाब होत असतील तर मात्र ओआरएसचं पाकीटच द्या, सरबतावर भागवू नका.

उन्हाळ्यात लिंबू महाग असतं, पावसाळ्यात उतरतं. वड्या करून ठेवायच्या असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बाटली न्या, आदल्या दिवशी सांगितलंत तर सकाळी ताजा रस काढून ठेवू. सील न तोडलेली बाटली त्याच दिवशी परत घेतो. ओट्यावर राहिलेली घेत नाही.