दुहेरी भूमिका (न्यायवैद्यक मानसोपचार)

एखाद्या व्यक्तीवर उपचार करणारा आणि तिच्याविषयी न्यायालयात मत देणारा तज्ज्ञ एकच असेल, तर त्या स्थितीला दुहेरी भूमिका म्हणतात. उपचार रुग्णाच्या भल्यासाठी असतात. न्यायवैद्यक तपासणी मात्र न्यायालयाच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असते, मग ते उत्तर त्या व्यक्तीच्या विरोधात का जाईना.

दोन्ही कामांची पद्धतही वेगळी. उपचारक रुग्णाचे सांगणे बहुतांशी मानून चालतो. तपासणारा तेच सांगणे पोलिसांची कागदपत्रे, जुन्या वैद्यकीय नोंदी आणि नातेवाइकांची माहिती यांच्याशी ताडून पाहतो. आजाराचे सोंग असू शकते, हेही ध्यानात ठेवतो. म्हणूनच उपचारकाचे मत उलटतपासणीत सहज ढासळते. त्याहून वाईट म्हणजे, विश्वासाने सांगितलेले भर न्यायालयात ऐकलेला रुग्ण पुन्हा कोणापुढेही मन मोकळे करायला कचरतो.

तपासणीचा हेतू पुरता न सांगितल्याने काय घडते, हे अमेरिकेतील ‘एस्टेल विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात दिसले. आरोपी खटल्याला सामोरे जाण्यास सक्षम आहे का, एवढेच पाहण्यासाठी टेक्सासमधील मनोविकारतज्ज्ञ जेम्स ग्रिगसन यांनी तुरुंगात सुमारे 90 मिनिटे त्याची मुलाखत घेतली. पुढे शिक्षेच्या सुनावणीत त्याच मुलाखतीच्या आधारे त्यांनी आरोपी समाजाला कायम धोकादायक राहील अशी साक्ष दिली आणि मृत्युदंड झाला. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दंड रद्द ठरवला: गप्प राहण्याचा हक्क आरोपीला सांगितलेला नव्हता, आणि तपासणी भावी धोक्याविषयीही आहे याची त्याच्या वकिलांना आगाऊ कल्पना नव्हती.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाआधीच पुढील गोष्टी साध्या भाषेत सांगाव्या लागतात: तपासणी कोणी मागितली, कशासाठी, अहवाल कोणाच्या हाती जाईल, हे उपचार नाहीत, नेहमीची गोपनीयता इथे नाही, आणि उत्तर नाकारता येते. ‘समजले का?’ एवढे विचारून भागत नाही. व्यक्तीने ते स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि ते शब्द अहवालात नोंदवावेत. समोरचा मनापासून ऐकतो आहे असे दिसले की तासाभरात तीच व्यक्ती त्याला आपला डॉक्टर समजू लागते. तेव्हा मध्येच थांबून सूचना पुन्हा द्यावी. हे वगळणे म्हणजे ऐकण्याच्या कौशल्याने माणसाला नकळत फसवणेच आहे.

अहवालात निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवतात, आणि विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नसलेला खासगी तपशील घेत नाहीत. निकालावर अवलंबून शुल्क घेणे निषिद्ध आहे. तासाचा दर किंवा ठरावीक रक्कम चालते.

उपचारकाला समन्स आलेच, तर त्याने निदान, भेटींच्या तारखा, दिलेली औषधे अशा पाहिलेल्या गोष्टींपुरतीच साक्ष द्यावी. गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती किंवा मुलाचा ताबा यांवर मत देऊ नये. उलट, तपासणीत आत्महत्येचा तातडीचा धोका दिसला तर तपासणाऱ्याने आधी सुरक्षिततेची सोय करावी आणि पुढील उपचार दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवावेत.