बाइंडिंगची जागा (स्की)

बाइंडिंगची जागा : बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला (बर्फावर घसरण्याच्या फळीला) पकडून ठेवणारी खीळ; स्कीच्या लांबीत बूट नेमका कुठे पकडला जावा हे ठरवणारा बिंदू म्हणजे तिची जागा. बुटाच्या तळाच्या कडेला, मध्यावर, एक बारीक खूण असते. स्कीच्या पाठीवर कारखान्याने छापलेली रेघ असते. खूण रेघेवर आणून बाइंडिंग बसवणे ही सर्वसाधारण रीत. तिथून पुढच्या टोकाकडे सरकल्यास अधिक, शेपटीकडे सरकल्यास उणे अंक लिहितात.

या अंकांचाच मोठा घोटाळा होतो. ‘उणे दोन’ म्हणजे छापील रेघेपासून दोन सेंटिमीटर मागे, की स्कीच्या भूमितीय मध्यापासून? दोन्ही अर्थ रूढ आहेत आणि त्यांत कित्येक सेंटिमीटरचे अंतर पडते. शिवाय मध्य काढायचा कसा, यावरही एकमत नाही. शेपटीपासून टोकापर्यंत फीत सरळ ताणली तर एक मध्य मिळतो. स्कीच्या वक्रतेला चिकटवून नेली तर दुसरा. टोक शेपटीपेक्षा जास्त वळलेले असेल तर वाढीव लांबी बहुतेक टोकाकडेच पडते, मध्य पुढे सरकतो आणि तीच रेघ अधिक ‘उणे’ दिसते. सरळ फितीने १८० सेंमी. भरणाऱ्या स्कीची रेघ शेपटीपासून ८२ सेंमी.वर असेल, तर ती मध्यापासून उणे ८. स्कीवर छापलेली लांबी प्रत्यक्ष मापाशी जुळेलच असे नाही, म्हणून छापील आकडा निम्मा करून मध्य धरू नये. सरळ फितीचे माप पुन्हा घेतले तरी तेच येते, त्यामुळे तुलनेसाठी ते अधिक भरवशाचे वाटते.

दुसरा वाद बुटाच्या बाजूचा. खूण तळाचा मध्य दाखवते, पायाचा नव्हे. भार तोलला जातो तो चवड्यावर. लाल मातीत पवित्रा घेऊन उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या पैलवानाला हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून एक जुना पक्ष चवडा बर्फाला टेकणाऱ्या कडेच्या मध्यावर आणावा असे मानतो. टाचेजवळ कोरलेली तळाची लांबी (उदा. ३०५ मिमी.) एकाच मापाच्या पायासाठी बुटागणिक बदलते, तेव्हा या मताला आधार आहे. तरीही स्कीची कमर (मधला अरुंद भाग) आणि लवचीकता कारखाना आपल्या रेघेभोवतीच बेततो. त्यामुळे सुरुवात रेघेपासून करून चवड्याचे गणित पडताळ्यासाठी ठेवणे सयुक्तिक.

पार्क स्कीवर (उड्या-कसरतींसाठीच्या स्कीवर) बूट भूमितीय मध्यावर किंवा त्याच्या दोन-तीन सेंमी. मागे बसतो. गिरकीत दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहते आणि उलटे घसरणेही सोपे जाते. दोन्ही टोके वळवलेली स्की ओलिन कंपनीने १९७० च्या दशकातच काढली होती, असे मानतात. मात्र मध्याजवळ बूट बसवण्याची रीत पसरली ती बहुधा १९९८ च्या सुमारास आलेल्या सॅलोमन ‘टेनएटी’नंतर. ऑल-माउंटन स्कीची (डोंगरावरील सर्व प्रकारच्या बर्फासाठीच्या स्कीची) रेघ मध्यापासून साधारण उणे ५ ते उणे १० या पट्ट्यात असते. पुढे सरकवले तर वळण चटकन सुरू होते, पण भुसभुशीत बर्फात टोक बुडते. मागे घेतले तर टोक तरंगते आणि वेगात स्की स्थिर राहते. रेघेपासून एक-दोन सेंमी.पलीकडे जाण्याचे कारण क्वचितच असते.

भोके पाडणे हे मात्र परत न फिरणारे काम. कोल्हापुरात बर्फ नाही, पण शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिराला जिग (भोकांची जागा दाखवणारा साचा), सेंटर पंच (भोकाआधी खूण ठोकणारे हत्यार) आणि ड्रिलचा स्टॉपर (खोली आवरणारा अडसर) हे रोजचेच. स्कीचे दुकानदारही तेच वापरतात. ड्रिलचा व्यास स्कीवर छापलेला असतो : सहसा धातूचा थर असल्यास ४.१ मिमी., नसल्यास ३.६ मिमी.; खोली ९ मिमी. जागा बदलायची झाल्यास नवे भोक जुन्यापासून सुमारे एक सेंमी. तरी दूर हवे, नाहीतर मधले लाकूड फाटून स्क्रू सुटतो. म्हणून अर्धा सेंटिमीटर सरकवण्याची हौस महागात पडते. जुन्या भोकांत प्लॅस्टिकचे खुंट ठोकतात. गुलमर्ग किंवा औलीला भाड्याने मिळणाऱ्या स्कीवर बाइंडिंग पट्टीवर सरकणारे असल्यास ही अडचण येत नाही. तळाच्या लांबीच्या आकड्यावर बाइंडिंगचे पुढचा व मागचा असे दोन्ही भाग आणले, की बूट रेघेवर येतो. कायम बसवताना प्रत्येक भोकात स्क्रूआधी गोंदाचा थेंब सोडतात. वितळलेले पाणी आत उतरले तर लाकडी गाभा कुजतो.