झोत फिरतो का? पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्यात शोधलेले उत्तर

तारा वायूच्या ढगातून आकसत घडतो. ढग सुरुवातीला अगदी संथ फिरत असला, तरी हजारो खगोलीय एककांवरून (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे 1 एकक) ताऱ्याएवढा आकसेपर्यंत त्याची गिरकी इतकी वाढायला हवी की तारा बनण्याआधीच तो फाटून जावा. प्रत्यक्षात सूर्यासारखे कोवळे तारे या फाटण्याच्या वेगाच्या साधारण दशांश वेगानेच फिरताना दिसतात. मग उरलेला कोनीय संवेग (वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचे अंतर मिळून होणारे फिरण्याचे माप) गेला कुठे? नवजात ताऱ्यांपासून वायूचे सडपातळ झोत वेगाने बाहेर पडतात. ते फिरत असतील तर हा संवेग तेच घेऊन जात असतील, आणि फिरत्या झोतांचा सगळा अभ्यास या एका हिशेबापायी उभा राहिला आहे.

झोतांच्या खुणा आधी सापडल्या, अर्थ नंतर लागला. जॉर्ज हर्बिग आणि गिलेर्मो आरो यांनी 1950च्या आसपास नवजात ताऱ्यांजवळचे चमकते पुंजके स्वतंत्रपणे नोंदवले. ताऱ्याकडून आलेला वेगवान वायू भोवतालच्या वायूवर आदळून ते उजळतात, हे 1970च्या दशकात ध्यानात आले. 1980 साली वृषभ राशीतल्या एल1551 ढगात कार्बन मोनॉक्साइडचा दोन विरुद्ध दिशांना वाहणारा लोट सापडला आणि 1983 पर्यंत दृश्य प्रकाशात सडपातळ झोतही स्पष्ट दिसले. 1982 मध्ये ब्लँडफर्ड आणि पेन या शास्त्रज्ञांनी कृष्णविवरांभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीसाठी एक कल्पना मांडली. चकतीत रोवलेली चुंबकीय रेषा उभ्या अक्षापासून 30 अंशांहून जास्त कलली, तर दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा वायू तिच्यावरून बाहेर भिरकावला जातो. नवजात ताऱ्यांभोवतीही अशी चकती असते; पुड्रिट्झ आणि नॉर्मन यांनी पुढच्याच वर्षी ही कल्पना त्यांना लावली. ती खरी असेल, तर थोडाच वायू चकतीचा बराचसा कोनीय संवेग घेऊन जाईल आणि झोत स्वतःही फिरत असेल.

हे फिरणे मोजायचे कसे? झोताची एक कड आपल्याकडे येत असेल आणि दुसरी दूर जात असेल, तर दोन्ही कडांच्या वर्णरेषांत (वर्णपटातल्या ठराविक तरंगलांबीच्या रेषांत) डॉप्लर फरक, म्हणजे वेगामुळे तरंगलांबीत पडणारा फरक, दिसायला हवा. सांगायला हे सोपे आहे. पण 6300 अँगस्ट्रॉमच्या (1 अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) ऑक्सिजन रेषेत सेकंदाला 5 किमी वेगाने रेष सरकते ती जेमतेम 0.1 अँगस्ट्रॉम. हबल दुर्बिणीवरच्या स्टिस वर्णपटमापकाचा, प्रकाशाचा वर्णपट पसरवणारी जी जाळी वापरली तिच्यासह, एक पिक्सेल सुमारे 0.55 अँगस्ट्रॉमचा आहे. म्हणजे शोधायचे ते पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्यात! हे जमते ते रेषेला गॉसियन (घंटेच्या आकाराचा) वक्र बसवून तिचा मध्य काढल्यामुळे, आणि तेही प्रकाश भरपूर असेल तरच.

1999 मध्ये डीजी टॉरी या ताऱ्याच्या झोतावर स्टिसची 0.1 विकलेची (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फट झोताला समांतर ठेवून, दरवेळी 0.07 विकला सरकवत, सात जागी वर्णपट घेतले गेले. 2002 साली फ्रान्चेस्का बाच्चोत्ती आणि सहकाऱ्यांनी अक्षाच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या ताडून पाहिल्या. फरक निघाला सेकंदाला साधारण 5 ते 20 किमी.

त्यावरून उगमस्थान काढता येते. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलेला हिशेब ढोबळमानाने असा: झोताच्या वेगाच्या वर्गाला, झोताची त्रिज्या गुणिले फिरण्याचा वेग याच्या दुपटीने भागले की उगमापाशी चकती किती कोनीय वेगाने फिरते ते मिळते. वेग सेकंदाला 100 किमी, फिरणे सेकंदाला 10 किमी, त्रिज्या 10 एकक आणि तारा सूर्याएवढा धरला, तर उगम सुमारे 0.7 एककावर येतो, म्हणजे जवळपास शुक्राच्या कक्षेइतका.

पण चुका नेमक्या याच पातळीवर शिरतात. फटीत प्रकाश एका बाजूला जास्त पडला, तरी रेष सरकल्यासारखी दिसते, म्हणून ती दुरुस्ती आधी करावीच लागते. डीजी टॉरीचा झोत दृष्टिरेषेशी सुमारे 38 अंशांत आहे, त्यामुळे पुढे जाण्याच्या वेगाचा मोठा भाग आपल्याच दिशेने असतो. दोन कडांचा पुढचा वेग थोडा असमान असला, तरी तो फिरण्याचे सोंग घेतो. झोताचे डोलणे आणि तिरके आघातही हेच करतात. आरडब्ल्यू ऑरिगी या ताऱ्याचे उदाहरण बोलके आहे: 2004 मध्ये फिरण्याची खूण मिळाली, 2006 मध्ये रेडिओ निरीक्षणांनी चकती उलट फिरते असे दाखवले, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अतिनील मोजणीत सहा महिन्यांत खूणच नाहीशी झाली. म्हणून दृश्य प्रकाशातल्या आकड्यांना फिरण्याची कमाल मर्यादा मानणेच योग्य.

सर्वांत भक्कम पुरावा मृग तारकासमूहातल्या एचएच 212 या झोताचा आहे, आणि त्याचे श्रेय त्याच्या मांडणीला जाते. हा झोत आकाशाच्या प्रतलाशी (आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात असलेल्या पातळीशी) फक्त 4 अंश कललेला आहे. त्यामुळे 100 किमी वेगातले जेमतेम 7 किमी आपल्या दिशेने येतात, फिरणे मात्र जवळपास पूर्ण दिसते. 2017 मध्ये चिन-फेई ली यांच्या गटाने चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने सिलिकॉन मोनॉक्साइडची रेष 8 एककांइतक्या बारकाईने टिपली. फिरणे चकतीच्याच दिशेने निघाले, आणि उगम सुमारे 0.05 एककावर, म्हणजे अंदाजे 75 लाख किमीवर. तिथे धूळही तगत नाही. ती विरली की सिलिकॉन वायूत सुटा होतो, तेव्हा झोतात हाच रेणू उजळ असणे या उगमाशी जुळते. उलट टीएमसी1ए या ताऱ्याचा रुंद, संथ लोट चकतीत 25 एककांपर्यंतच्या पट्ट्यातून उठतो, असे 2016 मध्ये दिसले. दोन्ही खरे असू शकतात: आतून सडपातळ झोत, बाहेरून रुंद वारा.

या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे चुंबकीय क्षेत्र, आणि तिथे नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे काम मोलाचे आहे. त्याच डीजी टॉरीच्या झोताकडे 325 आणि 610 मेगाहर्ट्झवर पाहिले असता दूरच्या आघातापाशी कमी वारंवारितेला अधिक तेजस्वी असे उत्सर्जन मिळाले. गरम वायू असे वागत नाही, चुंबकीय क्षेत्रात फिरणारे वेगवान इलेक्ट्रॉन वागतात. 2014 मध्ये छापलेला क्षेत्राचा अंदाज 0.1 मिलिगॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास आहे. तो दूरच्या आघातापाशीचा आहे. जिथून वायू उडतो, त्या उगमापाशीचे क्षेत्र यावरून थेट काढता येत नाही.