सामुदायिक उपासना (ख्रिस्ती)

ख्रिस्ती श्रद्धावंतांनी ठरलेल्या दिवशी, बहुधा रविवारी, देवालयात एकत्र येऊन करावयाची प्रार्थना, गायन, वचनश्रवण (बायबलचे वाचन ऐकणे) आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) यांच्या नित्यक्रमाला सामुदायिक उपासना म्हणतात. येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवारला हे महत्त्व आले. दोघे-तिघे आपल्या नावाने जमतील तेथे आपण असू, हे येशूचे अभिवचन (मत्तय १८:२०) आणि एकत्र मिळणे सोडू नये, हा बोध (इब्री १०:२५) हे तिचे मुख्य शास्त्राधार होत.

एकांतातील प्रार्थनेला ख्रिस्ती धर्मात मानाचे स्थान आहे. मात्र एकमेकांचा भार वाहणे एकट्याने साधत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने रविवारच्या सभेचे जे वर्णन केले आहे, त्यात जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे प्रभुभोजनातील वाटा सेवकांकरवी पोहोचवला जाई आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांची काळजी घेतली जाई, असे स्पष्ट म्हटले आहे. या प्रथेचे खरे मोल येथेच दिसते.

पुण्यात नाना पेठेतील सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिली. त्यांच्या फौजेतील ख्रिस्ती अधिकारी व शिपाई यांना एकत्र उपासना करता यावी, हा तिचा हेतू होता. गुरुवार पेठेतील पंचहौद भागातले पवित्र नाम देवालय १८८५ मधील आहे. मराठी मंडळ्यांची (ख्रिस्ती उपासक-समुदायांची) उपासना विशेष खुलते ती गायनात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग-ओव्यांच्या वळणाने रचलेली गीते पेटी-तबल्यावर गाइली जातात, आणि अक्षरओळख नसलेल्या वृद्धांनाही ती पाठ असतात, कारण वर्षानुवर्षे सर्वांबरोबर म्हणूनच ती जिभेवर रुळलेली असतात.

अमेरिकेतील सुमारे ७५,००० परिचारिकांच्या पाहणीत (२०१६) आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांचा मृत्युदर कधीही न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव निर्विवाद ठरत नाही. तरी मंडळीकडून मिळणारा आधार हे त्याचे एक कारण संभवते. तो आधार नियमितपणावरच उभा असतो. जो दर रविवारी ठरावीक बाकावर दिसतो, तो दोन आठवडे दिसला नाही की पाळक (मंडळीचे धर्मगुरू) किंवा मंडळीतील कोणी घरी चौकशीला जाते आणि पुढच्या उपासनेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना होते. क्वचित येणाऱ्याचे आजारपण मात्र कित्येकदा कोणाला कळतही नाही.