चुलवाण विझवून पाहिलेली पेशी

कराड-शिराळा पट्ट्यातल्या गुऱ्हाळावर उभे राहिले, की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. चरकातून रस निघाल्यावर उरलेले चिपाड आवारात वाळत पडते आणि तेच चुलवाणात जाऊन काहिलीतला रस आटवते. आपल्या शरीरातील पेशींचा व्यवहारही असाच चालतो. जुनी झालेली प्रथिने आणि निकामी ठरलेले घटक पेशी पातळ पटलाच्या पिशवीत बांधते, पाचक विकरांच्या हवाली करते आणि सुटी झालेली अमिनो आम्ले नव्या बांधणीसाठी किंवा ऊर्जेसाठी वापरते. या क्रियेला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान द दूव्ह यांनी १९६३ मध्ये दिले.

नाव मिळाले, तरी पुढची जवळजवळ तीन दशके हा विषय मागेच राहिला. पिशव्या क्षणभर दिसत आणि विरघळून जात. त्या कोण बांधतो, कोणत्या जनुकांच्या आज्ञेने बांधतो, हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग योशिनोरी ओसुमी यांनी काढला.

ओसुमी यांचा जन्म १९४५ मध्ये जपानमधील फुकुओका येथे झाला. टोकियो विद्यापीठात पीएच.डी. झाल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काम केले आणि १९७७ मध्ये ते टोकियोला परतले. स्वतःची लहानशी प्रयोगशाळा त्यांना १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिळाली. त्यांनी अभ्यासासाठी निवडले ते पाव फुगवणारे यीस्ट, आणि त्यातही त्याच्या पेशीतली रिक्तिका. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट गोलासारखी दिसणारी ही रिक्तिका त्या काळी अनेकांना पेशीची अडगळीची खोली वाटत असे. प्रत्यक्षात यीस्टच्या पेशीतले पचन तिथेच होते.

त्यांची युक्ती समजायला पुन्हा गुऱ्हाळावर जावे लागेल. चुलवाण धगधगत असताना चिपाड येते आणि जळते, त्यामुळे ते किती आले याचा अंदाज बांधता येत नाही. पण जाळ विझवला आणि चरक तसाच चालू ठेवला, तर थोड्याच वेळात डोळ्यांदेखत ढीग साचेल. ओसुमींनी नेमके हेच केले. रिक्तिकेतील प्रथिने पचवणारी विकरे ज्यांच्यात नाहीत, असे उत्परिवर्तित यीस्ट त्यांनी घेतले आणि त्याला नायट्रोजनविना उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका बारीक गोलकांनी भरून गेली आणि ते आत सतत थरथरत, हलत राहिलेले दिसले. पचन थांबले होते, पण पिशव्या येणे थांबले नव्हते. हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. महागडे यंत्र हाताशी नसताना प्रश्नच अशा रीतीने मांडायचा की उत्तर डोळ्यांना दिसावे, ही मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता जनुके शोधणे शक्य झाले. रसायनाने यीस्टच्या जनुकांत यादृच्छिक बदल घडवायचे आणि उपाशी ठेवल्यावरही ज्या पेशींत गोलक साचत नाहीत त्या वेचून काढायच्या. कारण त्यांच्यात पिशव्या बांधणारे एखादे जनुक बिघडलेले असणार. या चिकाटीच्या कामातून १९९३ मध्ये अशा १५ जनुकांची ओळख पटली. १९९६ मध्ये ओसुमी जपानमधल्याच ओकाझाकी येथील मूलभूत जीवशास्त्र संस्थेत गेले आणि तिथे त्यांच्या गटाने या जनुकांपासून बनणारी प्रथिने एकमेकांना कशी जोडली जातात, हे उलगडले.

यीस्टमधली बरीचशी जनुके थोड्या फरकाने माणसातही सापडली आणि त्यामुळे या कामाचा पसारा वैद्यकापर्यंत पोहोचला. ओसुमींच्या प्रयोगशाळेत काम केलेले नोबोरू मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की यांतले एक आवश्यक जनुक नसलेली उंदरांची पिल्ले जन्मताना जवळजवळ सर्वसाधारण दिसतात, पण एका दिवसाच्या आत दगावतात. नाळ तुटल्यावर आईकडून येणारा पुरवठा बंद होतो आणि दूध नीट मिळू लागेपर्यंतच्या त्या उपासमारीत नवजात पिल्लू स्वतःच्या पेशींतील साठ्यावर तगून राहते. ती सोयच या पिल्लांत नव्हती. दोन वर्षांनी उंदरांच्या चेतापेशींत हीच क्रिया बंद पाडली, तेव्हा त्यांत नको असलेल्या प्रथिनांचे पुंजके साचले आणि प्राण्यांच्या हालचाली बिघडल्या. चेतापेशी विभागत नसल्याने साचलेला कचरा नव्या पेशींत वाटून कमी होण्याची सोय त्यांना नसते.

२०१६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या ओसुमींना मिळाले. त्यानंतर ‘अमुक तास उपवास करा, पेशी आपोआप स्वच्छ होतील’ असे संदेश त्यांच्या नावाने आपल्याकडेही फिरू लागले. उपासमारीने ही क्रिया वाढते, हे खरे आहे. परंतु ओसुमींचे प्रयोग यीस्टवरचे होते आणि माणसाने किती तास उपाशी राहावे याचे उत्तर त्यांत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने अशा संदेशावर विसंबून जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

शाळेतल्या मुलांना मात्र या शोधाची सुरुवात स्वतः पाहता येईल. बेकरीत मिळणारे यीस्ट कोमट साखरपाण्यात भिजवून त्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा आणि ४०० पट मोठा करून पाहावा. अंडाकृती पेशींपैकी अनेकींत एक फिकट गोल दिसतो. तीच ती रिक्तिका.